मेटल प्रिंट लावायचीय? आधी भिंत बघा, मग फोटो निवडा

आमच्या गुहागरच्या घरात आजी-आजोबांचा एक फोटो होता, लाकडी फ्रेममधे काचेमागे, आणि दर पावसाळ्यात आतून थोडी थोडी बुरशी चढत गेली, शेवटी कागद काचेलाच चिकटला. सोडवायला गेलो तर आजीच्या पदराचा तुकडा काचेवरच राहिला. नशिबाने काकाकडे त्याच फोटोची ४ बाय ६ ची प्रत होती. ती स्कॅन करून आता कागदावर नकोच म्हणून मेटल प्रिंट करायची ठरवली आणि पहिली प्रिंट साफ चुकली. दुसरी जमली. मधे जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण ही गोष्ट स्वस्त नाहीये आणि ऑर्डर देताना नेमकं काय विचारायचं तेच कोणी सांगत नाही.

पहिल्यांदा मेटल प्रिंट म्हणजे काय ते समजून घ्या. खरी मेटल प्रिंट म्हणजे साधारण १ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची शीट, त्यावर एक पॉलिमरचं कोटिंग असतं. फोटो आधी एका ट्रान्स्फर पेपरवर छापतात, तो पेपर शीटवर ठेवून हीट प्रेसमधे २०० डिग्रीच्या आसपास दाबतात, त्या उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती कोटिंगच्या आत जाऊन बसते. याला सब्लिमेशन म्हणतात. रंग आत मुरलेला असल्यामुळे पोपडे येत नाहीत, ओल्या फडक्याने पुसली तरी काही होत नाही, आणि पुढे काच नसते त्यामुळे आमच्या फोटोचं झालं तसं चिकटणं बिकटणं हा प्रकारच संपतो.

पण मेटल प्रिंट या नावाखाली अजून दोन-तीन वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे यूव्ही प्रिंट, यात शाई थेट पत्र्यावर छापतात, ती पृष्ठभागावर राहते, दिसते छान पण ओरखडे लवकर पडतात. दुसरं म्हणजे एसीपी शीटवर (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमधे प्लास्टिक असलेली शीट) व्हिनाइलचा स्टिकर, हे तर दुकानाच्या बोर्डासारखंच काम झालं, कडेला नख लावून बघा, थर उचलला जातोय असं वाटलं की समजा स्टिकर आहे. आणि तिसरं लोखंडी पत्र्यावरचे पोस्टर, जे चुंबकाने भिंतीला लागतात. पुण्यात कोरड्या खोलीत ठीक आहे पण कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर लोखंडाच्या कापलेल्या कडेला गंज धरायची भीती असते. सोपी परीक्षा सांगतो, फ्रीजवरचं चुंबक खिशात घेऊन जा, चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम. आणि ऑर्डरच्या आधी सरळ विचारा, सब्लिमेशन आहे का यूव्ही का स्टिकर. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझी पहिली प्रिंट जिथे चुकली ते. शीटचा बेस दोन प्रकारचा येतो, पांढरा आणि सिल्व्हर. सब्लिमेशनमधे पांढरी शाई नसतेच, फोटोत जिथे पांढरं आहे तिथे मशीन काहीच छापत नाही, खालचा बेस दिसतो. पांढऱ्या बेसवर पांढरं पांढरंच राहतं पण सिल्व्हर बेसवर तिथे उघडा धातू दिसतो. मला सिल्व्हरचा नमुना दाखवला होता तो रात्रीच्या शहराच्या लाइटचा, इतका सुंदर होता की मी लगेच हो म्हटलं. घरी आली तेव्हा आजोबांचं धोतर पत्र्यासारखं चमकत होतं, चेहरे राखाडी, आणि दोन पावलं बाजूला सरकलं की आजीचा चेहरा काळा पडायचा. ज्या माणसाला आपण ओळखतो त्याचा चेहरा असा दिसला की खूप वाईट वाटतं. छापणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, पण चेहऱ्याला सिल्व्हर नको हे एक वाक्य कोणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून मी सांगतो, माणसांचे फोटो, लग्नाचे, बाळाचे, जुने ब्लॅक अँड व्हाइट, हे सगळे पांढऱ्या बेसवरच घ्या.

सिल्व्हर वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. पाणी, पाऊस, ओले रस्ते, रात्रीचे दिवे, बुलेटचा क्लोजअप, काळ्या दगडाचं मंदिर, यात धातूची चमक फोटोला मदत करते. आणि एक फोटो तर सिल्व्हरसाठीच जन्माला आलाय असं मला वाटतं, तो म्हणजे जेजुरीचा भंडारा उधळलेला. पिवळा रंग पारदर्शक असतो, त्याच्या खालून धातू चमकला की पिवळ्याचं सोनं होतं. मित्राच्या घरी बघितलाय, संध्याकाळी दिवा लावला की नजर हटत नाही.

मग फिनिश, ग्लॉसी का मॅट. याचं उत्तर फोटोत नाही, तुमच्या भिंतीवर आहे. ग्लॉसीमधे रंग खोल दिसतात, सह्याद्रीचा पावसाळ्यातला हिरवा ग्लॉसीवर जसा दिसतो तसा मॅटवर नाही दिसत, पण समोर बाल्कनी किंवा खिडकी असेल तर दिवसभर फोटोऐवजी ग्रिल आणि वाळत घातलेले कपडे दिसतील आणि रात्री ट्यूबलाइटची पांढरी पट्टी. जिथे प्रिंट लावायचीय तिथे आधी एक आरसा किंवा काचेची फ्रेम धरून बघा, सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवे लावल्यावर एकदा. आरशात खिडकी किंवा दिवा दिसला तर मॅट घ्या. आमच्या हॉलमधे दिसला, मॅटच घेतली. अजून एक, ज्या भिंतीवर दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट पडतं तिथे कुठलाच फोटो लावू नका, मेटल प्रिंट कागदापेक्षा जास्त टिकते पण थेट उन्हात रंग हळूहळू उडतातच.

फाइलचं गणित नीट करा, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो देऊ नका, साधा पाठवला की तो लहान करूनच येतो, ज्याने काढलाय त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हवरून घ्या. जवळून बघायच्या प्रिंटला दर इंचाला २०० पिक्सेल धरा, सोफ्यामागे लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला १५० पुरतात. म्हणजे १२ बाय १८ ला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, २४ बाय ३६ ला ३६०० बाय ५४००. काकाकडचा ४ बाय ६ चा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेलने, स्कॅन केला तर बरोबर २४०० बाय ३६०० झाला, म्हणजे १२ बाय १८ आरामात. जुना फोटो मोबाइलने फोटोचा फोटो काढून देऊ नका, वरची चमक आणि वाकडेपणा दोन्ही छापलं जातं, फ्लॅट स्कॅनरवरच स्कॅन करा.

साइझ निवडताना फोटोचा आकार बघा. मोबाइलचा फोटो बहुतेक ४ला ३ असतो, मोठ्या कॅमेऱ्याचा ३ला २. मोबाइलचा आडवा फोटो ३६ इंच रुंद केला तर उंची २७ येते, तुम्ही २४ बाय ३६ मागवली तर वरून खालून मिळून ३ इंच कापले जाणार, आणि त्यात देवळाचा कळस किंवा कोणाचे पाय जातात. मोबाइलच्या फोटोला १२ बाय १६ किंवा १८ बाय २४ घ्या, कॅमेऱ्याच्या फोटोला १२ बाय १८, १६ बाय २४, २० बाय ३०. आणि ते एकाच फोटोचे पाच तुकडे करून लावायची फॅशन आहे ना, ती समुद्र किंवा डोंगराला चालते, माणसांच्या फोटोला नाही, कोणाच्या तरी चेहऱ्यातून फट जाते.

अजून एक, मोबाइलची स्क्रीन मागून उजळलेली असते आणि प्रिंट नसते, त्यामुळे स्क्रीनवर बरोबर दिसणारा फोटो भिंतीवर थोडा काळपट दिसतो. स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणून फोटो बघा, सावलीतले तपशील दिसेनासे झाले तर तो भाग थोडा उजळून घ्या. फाइल एसआरजीबी या रंगांच्या सेटिंगमधे, जेपेगच्या सगळ्यात वरच्या क्वालिटीला सेव्ह करा. मोठी ऑर्डर असेल तर आधी त्याच फोटोची छोटी ८ बाय १२ प्रिंट त्याच बेसवर त्याच फिनिशमधे काढून घ्या आणि चार-पाच दिवस त्याच भिंतीवर टेकवून ठेवा. मी हे आधी केलं असतं तर पहिल्या प्रिंटचे पैसे वाचले असते. दुकानातल्या लाइटमधे बघून ठरवू नका, तिथे मुद्दाम वरून फोकस सोडलेला असतो.

प्रिंट आली की कुरिअरवाल्यासमोरच कोपरे बघा. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा कोपरा एकदा दुमडला की सरळ होत नाही, कोटिंगला तडा जातो. घरात लहान मुलं असतील तर गोल कोपरे करून मागा, कडा चांगल्याच टोकदार असतात.

लावायचं म्हणाल तर वजनाची काळजी नाही, २ बाय ३ फुटाची शीट, टांगण्यासाठी मागे लावलेला ब्लॉक सोडून, पावणेदोन किलोच्या आतच असते. पण डबल टेपवर लावू नका, आपल्याकडे भिंतीला डिस्टेंपर आणि त्याखाली पुट्टी, पावसाळ्यात ओल धरली की टेप पुट्टीसकट खाली येते. स्क्रूच घ्या. नवीन बिल्डिंगमधे मायवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या, काँक्रीटच्या भिंती असतील तर साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं, आणि पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतील तर छोटी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवतात ती प्लास्टिकची) फिरत राहते, लांब गिट्टी मागा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, आत वायरचा पाइप असतो.

उंची ठरवताना प्रिंटच्या आकाराचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा, घरातले सगळे येता-जाता बघतात आणि आपोआप बोलतात, जरा वर घे, जरा खाली घे. फोटोचा मध्य जमिनीपासून ५ फुटाच्या थोडा खाली असला की उभ्या माणसाला बरोबर दिसतो, पण बसूनच बघायचा असेल तर अजून खाली आणा, आपल्याकडे लोक फोटो फारच वर टांगतात. ६ फुटी सोफ्यावर ४ फुटाच्या आसपासची रुंदी शोभते, आणि सोफ्याच्या पाठीपासून ६ ते ८ इंच वर ठेवा नाहीतर टेकून बसणाऱ्याच्या डोक्याचं तेल प्रिंटला लागतं. पाणसळ लावून बघा, मेटलची कड इतकी सरळ असते की जरा कलली तरी लगेच खटकते.

मागे अर्धा-पाऊण इंच फट राहील असा ब्लॉक किंवा पट्टी मागवा. भिंतीला ओल आली तरी हवा खेळती राहते, शिवाय फोटो भिंतीपासून सुटून तरंगल्यासारखा दिसतो. बाहेरच्या भिंतीपेक्षा दोन खोल्यांमधली भिंत केव्हाही चांगली, तिला पावसाचा मार नसतो. स्वयंपाकघरात गॅसच्या जवळ नको, फोडणीचा तेलकट थर बसतो आणि तो घासून काढायचा मोह होतो. घासणी, पावडर, उग्र लिक्विड काही नको, मऊ फडकं पाण्यात पिळून पुसायचं, बस. फोटोला हार घालत असाल तर ओल्या फुलांचा हार दिवसेंदिवस लटकत ठेवू नका, आणि कुंकू फोटोवर न लावता खाली पाटावर लावा.

आमची दुसरी प्रिंट, पांढरा बेस, मॅट, १२ बाय १८, आता हॉल आणि आतल्या खोलीच्या मधल्या भिंतीवर आहे. आईने पहिल्यांदा बघितली तेव्हा जवळ जाऊन आजीच्या पदराचे काठ बोटाने मोजले, स्कॅनमधे ते इतके नीट आले होते. काकाकडच्या छोट्या फोटोच्या मागे शाईने लिहिलं होतं, गुहागर, मे १९६८, अंगणात. ते तसंच्या तसं मी पक्क्या मार्करने शीटच्या मागे लिहिलं, आणि खाली दोघांची पूर्ण नावं. तुम्हीही भिंतीवर चढवायच्या आधी मागे लिहा, नंतर स्क्रू काढून कोणी लिहीत नाही.