सांबाचा क्लस्टर कमांड लाइनवरून सांभाळताना

सांबा म्हणजे लिनक्स सर्व्हरवरच्या फाइली विंडोजच्या मशीनना नेटवर्कवरून देणारं सॉफ्टवेअर. त्याचा एकच सर्व्हर असतो तेव्हा तो चालू असतो किंवा बंद असतो. तीन-चार सर्व्हर मिळून एकच शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, देऊ लागले की त्यांचा क्लस्टर होतो, त्यातला प्रत्येक सर्व्हर एक नोड, आणि इतकं सोपं उत्तर उरत नाही. एखादा नोड जिवंत असतो पण त्याच्याकडे एकही आयपी नसतो. दुसरा पिंगला छान उत्तर देतो, पण डेटाबेसच्या व्यवहारातून बाहेर काढलेला असतो. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, ड्राइव्ह उघडतोय की नाही एवढंच त्याला कळतं. मी बरीच वर्षं हे काम करते आहे. टीममध्ये नवीन आलेल्याला मी सुरुवातीला फक्त बघायच्या कमांड देते, बदलायच्या कमांड नंतर. इथेही बहुतेक तोच क्रम ठेवला आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन छोट्या अक्षरांत टाका.

या सर्व्हरांना क्लस्टर म्हणून बांधणारा प्रोग्रॅम म्हणजे सीटीडीबी. तो नेमकं काय करतो हे आधी पक्कं असू द्या. कोणी कोणती फाइल उघडली, तिच्या कोणत्या भागावर लॉक आहे, ही माहिती सांबा टीडीबी नावाच्या छोट्या डेटाबेस फाइलींत ठेवतो. ती सगळ्या नोडांवर एकसारखी दिसावी म्हणून सीटीडीबी आहे. शिवाय एखादा नोड पडला तर त्याचे सार्वजनिक आयपी (वापरणारे ज्यांवर जोडतात ते पत्ते) तो दुसऱ्या नोडवर नेतो. सांबा ४.२ पासून, म्हणजे २०१५ पासून, तो सांबाच्याच सोर्सचा भाग आहे. तुमच्या फाइली मात्र तो इकडून तिकडे नेत नाही. त्या सगळ्या नोडांना दिसायला हव्यात, आणि ते काम खालच्या क्लस्टर फाइल सिस्टिमचं: ग्लस्टर, सेफ एफएस, जीएफएस२, जीपीएफएस, जी असेल ती.

आधी खालची जमीन तपासा

खालची फाइल सिस्टिम लॉक नीट पाळत नसेल तर वर सीटीडीबी कितीही नेटका बसवा, डेटा कधीतरी बिघडणारच. यासाठी पिंग_पाँग नावाचं छोटं टूल आहे. त्याला सामायिक फाइल सिस्टिमवरची एक फाइल आणि एक आकडा द्यायचा. आकडा नोडांच्या संख्येपेक्षा एकने जास्त. तीन नोड असतील तर:

पिंग_पाँग /क्लस्टर/तपास.डॅट ४

पहिल्या नोडवर चालवलं की दर सेकंदाला किती लॉक मिळतात तो आकडा दिसू लागेल. तो चालू ठेवून दुसऱ्या नोडवर हीच कमांड, हीच फाइल. आता दोन्हीकडचा आकडा धाडकन खाली यायला हवा. आला तर आनंद माना, कारण दोन नोड एकमेकांना खरोखर विचारून लॉक घेताहेत. आकडा जराही खाली आला नाही, तर प्रत्येक नोड आपापल्यापुरता लॉक देतोय आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही. अशा फाइल सिस्टिमवर पुढे जाऊ नका. दुसऱ्या नोडवरची कमांड थांबवली की पहिल्याचा आकडा परत वर चढतो, तेही बघून घ्या.

मग -आरडब्ल्यू हा पर्याय लावून तीच कसरत पुन्हा करा. यात डेटा इन्क्रिमेंट म्हणून एक आकडा येतो. एका नोडवर १, दोनवर २, तीनवर ३ असा तो बरोबर मोजून यायला हवा. एवढं जमलं की मला त्या क्लस्टरबद्दल विश्वास वाटू लागतो. घाई कितीही असली तरी ही पायरी मी कोणाला गाळू देत नाही.

तीन फाइली

ईटीसीखालच्या सीटीडीबी फोल्डरमध्ये नोड्स नावाची फाइल असते. तीत दर ओळीला एका नोडचा खासगी पत्ता, म्हणजे नोड आपापसात बोलतात तो:

१०.०.०.११
१०.०.०.१२
१०.०.०.१३

पहिली ओळ म्हणजे नोड ०, दुसरी १, तिसरी २. नोडचा नंबर ओळीच्या जागेवरून ठरतो. म्हणून एखादा नोड कायमचा काढताना ओळ पुसायची नाही, तिच्या पुढे # लावायचं. ओळ पुसली तर खालचे सगळे नंबर सरकतात. नवीन नोड नेहमी शेवटी जोडायचा. ही फाइल सगळ्या नोडांवर अक्षरशः सारखी हवी. बदल केला की सीटीडीबी रिलोडनोड्स द्या. नोड काढायचा असेल तर त्यावरचा सीटीडीबी त्याआधी बंद करा. जोडायचा असेल तर नव्या नोडवरचा त्यानंतर सुरू करा.

पब्लिक_अ‍ॅड्रेसेस या फाइलीत वापरणाऱ्यांना दिसणारे आयपी, त्यांचा मास्क आणि इंटरफेस असतो. ते आयपी तुम्ही स्वतः इंटरफेसवर लावायचे नाहीत, ते सीटीडीबी लावतो. वाटप आधी डीएनएसमध्ये होतं: एका नावाखाली सगळे सार्वजनिक आयपी लिहा, म्हणजे वापरणारे नोडांवर विभागले जातात.

तिसरी सीटीडीबी.कॉन्फ. तीत माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची एकच ओळ आहे, क्लस्टर विभागातली लॉकची. ४.१६ पासून तिचं नाव क्लस्टर लॉक, त्याआधीच्या आवृत्त्यांत रिकव्हरी लॉक. तिथे सामायिक फाइल सिस्टिमवरच्या एका फाइलीचा पत्ता द्यायचा. समजा खासगी नेटवर्कची केबल निघाली आणि क्लस्टरचे दोन गट झाले. प्रत्येक गटाला वाटतं की पलीकडचे मेले, आता आपणच उरलो. दोघं आपापला पुढारी निवडतात, दोघं तेच सार्वजनिक आयपी उचलतात, आणि एकाच फाइलीवर दोन्हीकडून लिहायची परवानगी मिळते. लॉक असला तर तो एकाच गटाच्या हाती येतो आणि दुसऱ्याला पुढारीपण मिळत नाही. ही ओळ न लिहिताही क्लस्टर सुरू होतो, हीच मला काळजीची गोष्ट वाटते. थांबलेला क्लस्टर तासाभरात उभा करता येतो. दोन्हीकडून लिहिल्या गेलेल्या फाइली तशा परत मिळत नाहीत.

खासगी नेटवर्क खरोखर खासगी ठेवा. सीटीडीबीचे नोड टीसीपी ४३७९ पोर्टवर बोलतात आणि ते बोलणं एन्क्रिप्ट केलेलं नसतं.

सांबा आणि विनबाइंड (वापरणाऱ्याची डोमेनमधली ओळख तपासणारा सांबाचा भाग) सिस्टिमडीकडून, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या यंत्रणेकडून, आपोआप सुरू होणार नाहीत अशी व्यवस्था करा. त्यांना सुरू आणि बंद करणं सीटीडीबीच्या इव्हेंट स्क्रिप्टचं (ठरावीक प्रसंगी तो चालवतो त्या छोट्या स्क्रिप्टचं) काम:

सीटीडीबी इव्हेंट स्क्रिप्ट इनेबल लेगसी ५०.सांबा

विनबाइंडसाठी तसंच ४९.विनबाइंड. सांबाच्या एसएमबी.कॉन्फ या सेटिंग फाइलीत क्लस्टरिंग = यस ही ओळ आणि सगळ्या नोडांवर एकच नेटबायोस नाव. शेअरच्या व्याख्या मी त्या फाइलीत ठेवतच नाही. इन्क्लूड = रजिस्ट्री लिहायचं, म्हणजे सेटिंग डेटाबेसमधून वाचली जाते, आणि पुढचं सगळं नेट कॉन्फ या कमांडने करायचं. एका नोडवर नेट कॉन्फ सेटपार्म दिलं की बदल सगळीकडे पोचतो, कारण तो सीटीडीबीच्या डेटाबेसमध्येच बसतो.

बघायच्या कमांड

सीटीडीबी स्टेटस

प्रत्येक नोडसमोर एक शब्द येतो. ओके म्हणजे ओके. डिसकनेक्टेड म्हणजे खासगी नेटवर्कवरून त्याच्याशी बोलणं होत नाही, तेव्हा आधी केबल, स्विच, फायरवॉल बघा. अनहेल्दी म्हणजे नोड क्लस्टरमध्ये आहे, पण त्याची एखादी तपासणी नापास झाली आहे. अशा नोडकडे आयपी ठेवला जात नाही. बॅन्ड म्हणजे रिकव्हरी (नोड आले-गेले की डेटाबेस पुन्हा एकसारखे करण्याचं काम) वारंवार फसल्यामुळे त्याला काही वेळ बाहेर बसवलंय, नेहमीची मुदत ३०० सेकंदांची. डिसेबल्ड आणि स्टॉप्ड या अवस्था माणसाने केलेल्या असतात, त्यांच्याकडे पुढे येते. यादीखाली रिकव्हरी मोड नॉर्मल आहे का तेही वाचा. सगळे नोड ओके दिसत असून मोड रिकव्हरीतच अडकलेला असेल तर डेटाबेसचं काम थांबलेलं असतं.

दुसरी कमांड सीटीडीबी आयपी ऑल. कोणता आयपी सध्या कोणत्या नोडवर आहे हे ती सांगते. समोर -१ दिसलं तर तो आयपी कोणाकडेच नाही. "काहींना ड्राइव्ह दिसतोय, काहींना नाही" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा इथे बघते.

तिसरी, आणि लोक विसरतात ती:

सीटीडीबी इव्हेंट स्टेटस लेगसी मॉनिटर

एका रात्री सहकाऱ्याचा फोन आला, "ताई, नोड २ अनहेल्दी दाखवतोय, रिस्टार्ट मारू का?" मी म्हटलं, थांब, आधी त्या नोडवर ही कमांड दे. ४९.विनबाइंड नापास होती, बाकी सगळ्या स्क्रिप्ट पास. म्हणजे सांबा ठीक, नेटवर्क ठीक, डिस्क ठीक. डोमेन कंट्रोलरपर्यंत त्या एकाच नोडला पोचता येत नव्हतं, कारण त्याच्या डीएनएसची नोंद जुनी होती. नोंद दुरुस्त केली आणि रिस्टार्ट न करता पुढच्या तपासणीत नोड ओके झाला. ही तपासणी मुळात दर १५ सेकंदांनी होते. तोवर त्याचे आयपी दुसऱ्या नोडांवर होतेच, त्यामुळे वापरणाऱ्यांकडून तक्रारही आली नाही. रिस्टार्ट मारला असता तर सगळ्या क्लस्टरला दोनदा रिकव्हरी करावी लागली असती आणि डीएनएसची नोंद जुनीच राहिली असती.

लॉग नेहमी व्हार/लॉगखालच्या लॉग.सीटीडीबीमध्ये. तपशील कमी वाटले तर सीटीडीबी सेटडीबग इन्फो द्या, काम झालं की परत नोटिसवर आणा.

कोण जोडलंय ते एसएमबीस्टेटस सांगतो. क्लस्टरमध्ये तो कोणत्याही एका नोडवर चालवा, सगळ्यांची यादी येते. प्रोसेस नंबर २:४१८७ असा दिसला तर नोड २ वरची प्रोसेस ४१८७.

नोड बाजूला काढणे

डिसेबल, स्टॉप, शटडाउन. हे तीन शब्द एकच समजून वापरले जातात आणि त्यातून त्रास होतो.

डिसेबल केलेला नोड आपले सार्वजनिक आयपी सोडतो, पण डेटाबेसच्या कामात राहतो. एखाद्या नेटवर्क कार्डाचं काम करायचंय, वापरणाऱ्यांना हळूच दुसरीकडे हलवायचंय, तर हेच. स्टॉप केलेला नोड डेटाबेसमधूनही बाहेर पडतो, डीमन (मागे चालत राहणारा सीटीडीबीचा प्रोग्रॅम) मात्र चालू राहतो. शटडाउन म्हणजे डीमनच बंद. परत आणायला डिसेबलला इनेबल, स्टॉपला कंटिन्यू, आणि शटडाउन केलेल्याला सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागते.

पॅच लावायचा असेल तर माझा क्रम असा. आधी स्टेटस बघून बाकीचे सगळे ओके असल्याची खात्री, एकजण आधीच आजारी असेल तर आज काम नाही. मग सीटीडीबी डिसेबल -एन २. मग सीटीडीबी आयपी ऑल, नोड २ कडे काही उरलं नाही ना. मग त्या नोडवर सीटीडीबी बंद, पॅच, रिबूट. परत आल्यावर स्टेटसमध्ये ओके दिसेपर्यंत पुढच्या नोडला हात नाही. रिबूटनंतर तो डिसेबल्ड दिसत असेल तर इनेबल द्या.

सांबाची आवृत्तीच बदलत असाल तर वेगळी गोष्ट. न जुळणाऱ्या आवृत्त्या एकत्र चालू नयेत म्हणून सीटीडीबी स्वतःच एका बाजूचा डीमन बंद करतो. ही सोय बंद करणारी एक सेटिंग आहे, तिला हात लावू नका. रीतसर वेळ मागून घ्या, सगळा क्लस्टर थांबवा, सगळीकडे एकच आवृत्ती टाका आणि मग सुरू करा.

आयपी एका नोडवरून दुसऱ्यावर गेला की नवा नोड नेटवर्कला कळवतो, हा पत्ता आता माझ्याकडे. शिवाय जुन्या टीसीपी जोडणीवर एक मुद्दाम चुकीचं एसीके (पोचपावतीचं) पॅकेट पाठवतो. क्लायंट त्याला उत्तर देतो, नोडकडून रिसेट मिळतो, आणि टाइमआउटची वाट न बघता क्लायंट लगेच पुन्हा जोडतो. फार सुंदर युक्ती आहे. पण जोडणी तुटतेच, आणि मोठी फाइल उघडून बसलेल्या प्रोग्रॅमला झटका बसू शकतो. म्हणून लक्षात घ्या की नोड परत ओके झाला की आयपी पुन्हा वाटले जातात, म्हणजे दुसरा झटका. तो दिवसा नको असेल तर सीटीडीबी सेटव्हार नोआयपीफेलबॅक १ द्या आणि रात्री सीटीडीबी मूव्हआयपीने हाताने हलवा. सेटव्हारने बदललेली किंमत त्या नोडपुरती आणि रिस्टार्टपर्यंतच टिकते. कायमची हवी असेल तर सीटीडीबी.ट्यूनेबल्स फाइलीत लिहा, प्रत्येक नोडवर.

"प्रत्येक नोडवर" असं जिथे जिथे म्हटलंय तिथे ऑननोड वापरा, ते एकच कमांड अनेक नोडांवर चालवतं. नोडांमध्ये पासवर्डशिवाय एसएसएच चालायला हवं. मी आठवड्याला एकदा हे चालवते:

ऑननोड ऑल एमडी५सम /ईटीसी/सीटीडीबी/नोड्स /ईटीसी/सीटीडीबी/सीटीडीबी.कॉन्फ

एमडी५सम प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून एक आकडा काढतो. आकडे जुळले नाहीत तर कोणीतरी एकाच नोडवर बदल करून विसरलंय. -पी लावलं की कमांड सगळीकडे एकाच वेळी जाते. बघण्यासाठी ते उत्तम, पण रिस्टार्टसाठी कधीही नको.

बॅकअप लागतो तो कायमच्या डेटाबेसचा. लॉकिंगचे डेटाबेस तात्पुरते असतात, त्यांचा काही उपयोग नाही. सीटीडीबी बॅकअपडीबी रजिस्ट्री.टीडीबी आणि पुढे फाइलीचा पत्ता, तसंच सीक्रेट्स.टीडीबी. सोबत नेट कॉन्फ लिस्टचं आउटपुट एका साध्या फाइलीत ठेवा, डोळ्यांनी वाचता येतं. हे सगळं त्याच क्लस्टरच्या शेअरवर ठेवू नका. सीक्रेट्समध्ये डोमेनमधल्या मशीन अकाउंटचा पासवर्ड असतो, तेव्हा त्या फाइलीचा मोड ६०० आणि मालक रूट.