विगल प्लॉट काढायला बसताय? आधी क्लिप ठरवा

मागच्या उन्हाळ्यात हिंगण्याकडे एका शेतात आम्ही २४ जिओफोनची (जमिनीची थरथर टिपणाऱ्या सेन्सरची) रिफ्रॅक्शन लाइन टाकली होती, म्हणजे हातोडा मारून खालच्या थरांमधला लाटांचा वेग काढायचा. एका टोकाला काळी माती, दुसऱ्या टोकाला उघडा मुरूम, खाली ट्रॅप, म्हणजे बेसॉल्ट खडक. दोन्ही टोकांना हातोडा मारला, रात्री खोलीवर सिस्मिक युनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रेकॉर्डचे विगल प्लॉट (प्रत्येक जिओफोनची एक नागमोडी रेघ, म्हणजे एक ट्रेस) काढले आणि सकाळी सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. दोन्ही सारखेच काळे, सारखेच भरलेले. मी म्हणालो, मातीत ऊर्जा फारशी मरत नाहीये. सरांनी एवढंच विचारलं, "क्लिप किती घेतलाय?" क्लिप म्हणजे ज्या किमतीपलीकडचे हेलकावे कापले जातात ती मर्यादा, प्लॉटचं माप तिच्यावरच ठरतं. मला सांगता आलं नाही. परत जाऊन दोन्हींना एकच क्लिप दिला, तर मातीच्या टोकाकडच्या रेकॉर्डमध्ये लांबचे ट्रेस जवळजवळ सरळ रेघा झाले. म्हणजे अख्खा निष्कर्षच उलटा होता. यंदा नव्या मुलांनी तीच चूक करू नये म्हणून ही यादी.

डेटाची एक प्रत बाजूला ठेवा. फील्डची वही जवळ घ्या, कुठल्या फाइलला किती ठोके स्टॅक केलेत (एकत्र मिळवलेत) ते तिच्यातच असतं. रेकॉर्डर ठोक्यांची बेरीज ठेवतो की सरासरी, तेही बघून घ्या. दहा ठोक्यांची बेरीज आणि पाच ठोक्यांची बेरीज शेजारी ठेवून ताकद मोजायची नसते.

मग हेडर, म्हणजे प्रत्येक ट्रेससोबत साठवलेली माहिती. सेग-वाय (अशा डेटाचा ठरलेला फॉरमॅट) फाइल आत घेतली की लगेच सु-रेंज ही कमांड चालवा, शून्य नसलेल्या सगळ्या हेडरच्या किमती कुठून कुठपर्यंत आहेत ते एका नजरेत दिसतं. सॅम्पलचं अंतर तिथे मायक्रोसेकंदात असतं. पाव मिलिसेकंदाने रेकॉर्ड केलं असेल तर २५० दिसायला हवं. ते यादीत दिसलंच नाही, म्हणजे शून्य असेल, तर प्लॉटचा प्रोग्राम थांबत नाही, एक सूचना देतो आणि स्वतःच ४ मिलिसेकंद धरून पुढे जातो. मग १०२४ सॅम्पलचं तुमचं २५६ मिलिसेकंदांचं रेकॉर्ड कागदावर चार सेकंदांचं होतं आणि वेग सोळापट कमी निघतात. टर्मिनलवरची सूचना वाचत चला, बाबांनो. ऑफसेट (हातोड्यापासून जिओफोनचं अंतर) भरलेत का तेही इथेच बघा. आमच्या लाइनला ५ मीटरचं अंतर होतं, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या जिओफोनपर्यंत ११५ मीटर. एखादा जिओफोन मेलेला असेल तर तो ट्रेस आधीच काढून टाका.

आता क्लिप. इथे घाई करायची नाही.

तुम्ही काही सांगितलं नाही तर विगल काढणारा प्रोग्राम त्या फाइलमधली सगळ्यांत मोठी किंमत शोधतो आणि तिलाच क्लिप मानतो. तेवढ्या किमतीचा हेलकावा म्हणजे दोन ट्रेसमधलं पूर्ण अंतर. त्यामुळे फाइल दुबळी असो की जोरकस, तिचा सगळ्यांत मोठा हेलकावा कागदावर तेवढाच दिसणार. हातोड्याजवळचा जिओफोन सगळ्यांत जोरात हलतो, बाकीचे बारीक राहतात, म्हणून लोक पर्सेंटाइल ९९ किंवा ९५ करतात, म्हणजे तेवढे टक्के किमती ज्या आकड्याच्या आत बसतात तो क्लिप होतो. चित्र उठावदार होतं, बघायला ठीक आहे. पण ते ९५ टक्केसुद्धा त्या-त्या फाइलचेच. सगळ्यांना सारखं पर्सेंटाइल दिलं म्हणजे सारखा क्लिप दिला असं होत नाही. मी हेच धरून बसलो होतो.

करायचं असं. सगळ्यांत जोरकस रेकॉर्ड घ्या, व्हर्बोज (माहिती टर्मिनलवर छापण्याचा पर्याय) चालू ठेवून एकदा प्लॉट करा. टर्मिनलवर क्लिपचा आकडा येतो. तो वहीत उतरवा. मग प्रत्येक कमांडमध्ये तोच क्लिप हाताने लिहा, एकही फाइल सोडायची नाही. हेलकाव्याची रुंदी आणि चौकटीची उंची-रुंदीही सगळीकडे तीच ठेवा, नाहीतर क्लिप सारखा ठेवून उपयोग नाही. सगळ्या कमांड एका स्क्रिप्टमध्ये घाला आणि क्लिप वर एकाच ठिकाणी लिहा. रात्री एक वाजता टर्मिनलवर पुन्हा पुन्हा टाइप करताना एखाद्या ओळीत तो राहतोच. आणि प्लॉटच्या मथळ्यात क्लिप लिहा. फाइलच्या नावात नको, मथळ्यातच. कागद हातात घेणाऱ्याला फाइलचं नाव दिसत नाही.

एजीसी आणि ट्रेस बॅलन्स (ट्रेसची ताकद सारखी करणाऱ्या प्रक्रिया) फक्त फर्स्ट ब्रेक (लाट पहिल्यांदा पोचल्याची वेळ) टिपण्यासाठी वापरा, तिथे ते लागतातच. पण त्यांनी प्रत्येक ट्रेसची ताकद पुसून जाते, मग कितीही नेमका क्लिप दिला तरी तुलनेला काही उरत नाही. त्यासाठी वेगळी फाइल, वेगळं नाव.

आधी स्क्रीनवर बघा, मग पोस्टस्क्रिप्ट (छपाईचा फॉरमॅट). आउटपुट फाइलमध्ये वळवा, नाहीतर सगळं टर्मिनलवर ओतलं जातं. अक्षांची नावं रोमन लिपीत लिहा. त्यातल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, 'वेळ' लिहिलंत तर भलतीच चिन्हं छापून येतील. पीडीएफ करा. बर्डीच्या दुकानात छापायला देताना 'पानात बसवा' नको म्हणून सांगा, त्याने माप बदलतं.

सरांकडे जाण्याआधी सगळी पानं एका ओळीत मांडा आणि प्रत्येक मथळ्यातला क्लिपचा आकडा बोट ठेवून वाचा. एक जरी वेगळा निघाला तर सगळी पुन्हा काढा.