बर्बन ट्रेलला निघण्याआधी: गाडी कोण चालवणार?

सिनसिनाटी, कोलंबस, इंडियानापोलिस, नॅशव्हिल. या पट्ट्यात नोकरीला आलेल्या मराठी मंडळींचा पहिल्या वर्षातला एखादा लाँग वीकेंड केंटकीत बर्बन ट्रेलवर, म्हणजे बर्बन ही अमेरिकन व्हिस्की बनवणाऱ्या डिस्टिलऱ्यांच्या फेरीत, जातोच. मंडळाच्या कार्यक्रमात नवीन जोडपी विचारतात, "ताई, कुठकुठल्या डिस्टिलऱ्या कराव्यात?" मी उलट विचारते, गाडी कोण चालवणार? त्यावर बहुतेकदा "बघू ना, कोणीतरी कमी पिईल" असं उत्तर येतं. हे उत्तर बदलल्याशिवाय हॉटेल बुक करू नका.

नाशिकला वायनरीत जाऊन दुपारी दोन ग्लास घ्यायचे आणि संध्याकाळी कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईला परतायचं, ही सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. ती तिथेही चुकीचीच होती, पण निभावून गेली. इथे निभत नाही. केंटकीत चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, आणि त्याखाली असलात तरी गाडी डुलताना दिसली तर पोलीस केस करू शकतात. गाडी चालती असण्याचीही गरज नाही. कायद्यात गाडी 'ताब्यात असणं' पुरेसं आहे, म्हणजे किल्ली खिशात ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर झोप काढणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. "थोडं पडतो, उतरली की निघू" हा बेत म्हणूनच मोडीत काढा.

व्हिसावर असलेल्यांसाठी दंड आणि लायसन्स ही त्यातली छोटी गोष्ट. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे की मागच्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल, तर पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. नुसती अटक, गुन्हा शाबित व्हायची वाट बघितली जात नाही. तुम्ही अमेरिकेत आहात तोवर एच-वन-बीचं स्टेटस त्यामुळे आपोआप संपत नाही. पण आईवडिलांना भेटायला भारतात गेलात की परत येण्यासाठी नवा शिक्का लागतो. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात अटकेच्या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं, मग वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी, मग वाट पाहणं. इकडे घरभाडं चालू, मुलांची शाळा चालू आणि घरातला एक माणूस पुण्यात अडकलेला. पुढे नागरिकत्वाच्या वेळीही हे निघतं. अशा दोन शिक्षा असतील तर 'चांगलं चारित्र्य' सिद्ध करणं फार अवघड होतं. मी वकील नाही. असं काही घडलंच तर इमिग्रेशनचा वकील गाठा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ला मागत बसू नका.

आता मापाचं बोलू, कारण फसगत तिथे होते. डिस्टिलरीच्या टूरमध्ये मिळणारे घोट इवलेसे दिसतात. केंटकीच्या कायद्याने एका डिस्टिलरीत एका माणसाला दिवसाला पावणेदोन औंस, म्हणजे साधारण ५० मिलीच चाखायला देता येतं. आपल्या हिशोबात लार्ज पेगही नाही. पण भारतात बनणारी बहुतेक व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, आणि इथे बॅरल प्रूफ (पाणी न मिसळता थेट पिंपातली) म्हणून पुढ्यात येते ती १२० प्रूफच्या आसपास, म्हणजे ६० टक्के. इथलं एक 'ड्रिंक' म्हणजे ४० टक्क्यांची ४४ मिली, आणि शरीराला ते पचवायला अंदाजे तास लागतो. दिवसात तीन डिस्टिलऱ्या, वर त्यांच्याच बारमधलं एखादं ओल्ड फॅशन्ड, असं धरलं की हिशोब कुठे जातो ते बघा. त्या बारमधलं विकतचं कॉकटेल चाखण्याच्या मर्यादेत येत नाही. शिवाय सकाळी दहाच्या टूरला आपण रिकाम्या पोटी उभे असतो.

म्हणून पहिली सहल गाडीशिवाय करा, असं माझं ठाम मत आहे. लुईव्हिल शहरात मेन स्ट्रीटच्या आसपास चालत फिरता येतील इतक्या जागा आहेत. इव्हन विल्यम्सने २०१३ मध्ये तिथे आपलं केंद्र उघडलं, मग एंजल्स एन्व्ही, ओल्ड फॉरेस्टर, मिक्टर्स अशी रांगच लागली. ओल्ड फॉरेस्टरमध्ये पिंपं बनवताना आणि आतून जाळताना पाहायला मिळतं. बर्बनला नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं आणि धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो, हा कायदाच आहे. पण पिंपातून उठणारी ज्वाळा पाहिली की रंग कुठून येतो ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. हॉटेल डाउनटाउनमध्ये घ्या, गाडी पार्किंगमध्ये लावून विसरून जा. रात्री जेवायला लांब जायचं असेल तर उबर मिळते.

खरी मजा मात्र गावाकडे आहे, हे कबूल. बार्ड्सटाउन लुईव्हिलपासून चाळीसेक मैलांवर आहे, आणि मेकर्स मार्क डिस्टिलरीचं लोरेटो गाव तिथून आणखी वीसेक मैल आत. नेमकं इथेच नवखे अडकतात. लुईव्हिलहून लोरेटोला सोडायला उबरवाला तयार होतो, परतीला त्या खेड्यात कोणीच मिळत नाही. फोनची रेंजही भरवशाची नाही. तेव्हा पर्याय तीनच.

पहिला, चालकासकट व्हॅन. लुईव्हिल, लेक्सिंग्टन आणि बार्ड्सटाउनहून दिवसभराच्या टूर निघतात. काहींमध्ये तिकिटं त्यांनीच काढलेली असतात. आठ-दहा जण असाल तर अख्खी व्हॅन घ्या, माणशी हिशोब अंगावर येत नाही. बुक करताना तीन गोष्टी विचारा: डिस्टिलरीची तिकिटं धरून भाव आहे का, हॉटेलच्या दारातून नेतात का, आणि उशीर झाला तर तासाचे किती. चालकाला १५ ते २० टक्के टिप द्यायची असते. ती आधीच वर्गणीत धरा, नाहीतर शेवटी पार्किंग लॉटमध्ये सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात.

दुसरा पर्याय, आपल्यातलाच एक चालक, आणि तो थेंबही घेणार नाही. आमच्या गटात बऱ्याचदा मीच असते, म्हणून अधिकाराने लिहिते. बायको चालवेल हे परस्पर गृहीत धरू नका, तिलाही बर्बन आवडत असेल. दोन दिवसांची सहल असेल तर चालक दिवसागणिक बदला. चालकाचं तिकीट काढताना त्याच्यासाठी वेगळा दर आहे का ते विचारा, काही ठिकाणी असतो. आणि त्या दिवशीचं त्याचं जेवण बाकीच्यांनी द्यायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. चालकाने "वास घेतो, जिभेला लावून थुंकतो" म्हटलं तरी नको. पिणाऱ्यांनी मात्र थुंकायला किंवा उरलेलं ओतून द्यायला लाजू नये. टेबलावर त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं आणि कोणी वाईट मानत नाही. पैसे दिलेत म्हणून संपवलंच पाहिजे, हा आपला बुफेतला स्वभाव इथे आवरा.

तिसरा पर्याय म्हणजे बार्ड्सटाउनमध्येच मुक्काम. तिथे हेवन हिलसारखी मोठी नावं गावातच आहेत, अंतरं लहान आहेत. याच हेवन हिलच्या गोदामांना नोव्हेंबर १९९६ मध्ये आग लागली आणि सुमारे ९०,००० पिंपं जळाली. गाइडला विचारा, जुन्या लोकांकडे त्या रात्रीच्या आठवणी असतात. गावाबाहेर टेकाडांवर उभी असलेली सात-आठ मजली गोदामं आणि आजूबाजूच्या झाडांवर धरलेला काळा थर दिसेल. तो धूर नाही, पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलवर वाढणारी बुरशी आहे. केंटकीचा उन्हाळा आपल्या विदर्भाच्या तोडीचा नसला तरी वरच्या मजल्यावरची पिंपं चांगलीच तापतात, त्यामुळे एकाच दिवशी भरलेल्या वरच्या आणि खालच्या पिंपांची चव वेगळी निघते. ही गोष्ट मला चाखण्यापेक्षाही जास्त रंजक वाटते. चालकाचा दिवस कंटाळवाणा जातो असं म्हणणाऱ्यांनी एकदा गोदामात नीट फिरून पाहावं.

एका दिवसात दोनच डिस्टिलऱ्या धरा, फार तर तीन. फ्रँकफर्टला बफेलो ट्रेस आणि जवळच व्हर्सेल्सला वुडफर्ड रिझर्व्ह, घोड्यांच्या कुरणांमधून जाणारा रस्ता, एवढ्यात दिवस भरतो. लॉरेन्सबर्गला फोर रोझेस आणि वाइल्ड टर्की अशी दुसरी जोडी जमते. बफेलो ट्रेसची साधी टूर फुकट आहे, म्हणूनच तिच्या जागा पटापट जातात. बाकीच्याही जागा काही आठवडे आधी ऑनलाइन घ्या. "जाऊन बघू" इथे चालत नाही. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत असते, त्या आठवड्यात हॉटेलांचे भाव ऐकून परत याल. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक ठिकाणी देखभालीसाठी भट्ट्या बंद असतात. टूर चालू राहते, पण उकळणारं आंबवण बघायला मिळेलच असं नाही. ऑक्टोबर उत्तम.

किरकोळ पण महत्त्वाचं: पासपोर्ट जवळ ठेवा. वय २१ असल्याचा पुरावा मागतात, आणि भारतीय लायसन्स दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. मुलं अनेक टूरना येऊ शकतात, पण त्यांना ते तासाभरात नकोसं होतं. हॉजेनव्हिलला लिंकनचं जन्मस्थान आणि थोडं पुढे मॅमथ केव्ह आहे, अर्धं कुटुंब तिकडे वळवता येतं. शाकाहारी असाल तर गावातल्या बार्बेक्यूच्या दुकानात कोलस्लॉ आणि मक्याच्या पावावर भागवावं लागेल. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात नेतो. पोटात काहीतरी असलेलं बरं, हे एक कारण, आणि पार्किंगमधल्या बाकावर बसून खाण्यात गंमत आहे, हे दुसरं. संध्याकाळी दोन पदरी रस्त्यांवर हरणं आडवी येतात. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचेल असा बेत आखा, चालक कितीही शुद्धीत असला तरी.

बाटल्या घेणार असालच. मेकर्स मार्कमध्ये बाटली स्वतःच्या हाताने लाल मेणात बुडवता येते, भेट द्यायला ती छान. घेतलेल्या बाटल्या सीलबंद ठेवा आणि डिकीत टाका. उघडलेली बाटली गाडीत मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातातही चालत नाही, मग चालक कितीही कोरडा असो. भारतात नेणार असाल तर विमानात ७० टक्क्यांच्या वरची दारू अजिबात नेता येत नाही. २४ ते ७० टक्क्यांची माणशी पाच लिटरपर्यंत चेक-इन सामानात चालते, पण मुंबईला उतरल्यावर ड्यूटीशिवाय फक्त दोन लिटर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीचा मोह धरलात तर कस्टमच्या लाल चॅनेलमधून जायची तयारी ठेवा.