लायब्ररीच्या बजेटसाठी भांडायचंय? मग ते छापून यायच्या आधी जा

आधी माझी फजिती सांगतो. आमच्या लायब्ररीची वेळ कमी होणार असं कानावर आलं तेव्हा आम्ही आठ-दहा वाचक पेटून उठलो, दोन आठवडे दारात टेबल टाकून सह्या गोळा केल्या, चांगला जाडजूड गठ्ठा झाला, फोटोबिटो काढले, आणि तो गठ्ठा घेऊन ऑफिसात गेलो तर समोरच्या क्लार्कने शांतपणे शिक्का मारला, पोच दिली आणि म्हणाला, "बजेट मागच्याच आठवड्यात मंजूर झालं हो." वाईट वागला नाही बिचारा, खरं तेच सांगितलं. चूक आमचीच. आपलं पुस्तकांवर किती प्रेम आहे हे आम्ही दाखवत बसलो होतो, आणि पैसे नेमके कधी ठरतात हे एकानेही विचारलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम सह्यांचं नाही, तारखांचं. जी कुठली संस्था तुमच्या लायब्ररीला पैसे देते, नगरपालिका म्हणा, जिल्हा म्हणा, राज्य म्हणा, तिचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं ते बघा आणि तिथून उलटं मोजत या. नवं वर्ष सुरू व्हायच्या बरेच महिने आधी प्रत्येक विभागाकडून मागण्या मागवतात. मग कोणीतरी बसून त्यांना कात्री लावतो, मग मसुदा तयार होतो, तो समितीपुढे जातो, आणि सगळ्यात शेवटी सभागृहात हात वर होतात. आपण लोक नेमके या शेवटच्या दिवशी घोषणा द्यायला जातो. तोपर्यंत आकडे छापलेले असतात, तुम्हाला काही द्यायचं तर दुसऱ्या कोणाच्या ताटातून काढावं लागतं, आणि तो दुसराही तिथेच बसलेला असतो. मागण्या जात असतात तेव्हा सगळं पेन्सिलीने लिहिलेलं असतं, त्या वेळी दोन माणसं जाऊन नीट बोलली तरी पुष्कळ होतं. मसुद्यावर हरकती-सूचना घेत असतील तर ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, आणि वर्षाच्या मध्ये सुधारित अंदाज होतो तीही ठेवा, कारण उरलेले पैसे इकडचे तिकडे होतात ते तेव्हाच.

दुसरं, पैसा येतो कुठून ते शोधा. काही ठिकाणी लायब्ररीसाठी वेगळा कर असतो, काही ठिकाणी वरून अनुदान येतं, काही ठिकाणी स्थानिक बजेटमधली एक ओळ एवढंच. १९४८ चा मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा घ्या, ज्याच्यामागे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन होते, त्यात मालमत्ता करावर लायब्ररीचा सेस, म्हणजे फक्त लायब्ररीसाठीचा जादा कर, लावायची सोय केली होती. असा सेस असेल तिथे "आम्हाला जास्त द्या" म्हणायच्या आधी विचारायचं, गोळा किती झाला आणि त्यातला लायब्ररीकडे पोचला किती. अनुदान असेल तर प्रश्न वेगळा: हप्ता कधी सुटतो, कोणत्या अटीवर अडतो. माणूसही बदलतो, म्हणजे एका ठिकाणी नगरसेवक धरायचा, दुसऱ्या ठिकाणी आमदार. चुकीच्या दारात कितीही जोरात थाप मारली तरी उपयोग नाही.

आता बजेटचं पान उघडा. घाबरू नका, लायब्ररीचा भाग बहुतेक वेळा अर्ध्या पानाचा असतो. साधारणपणे मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षीची तरतूद अशा आकड्यांच्या रांगा दिसतील. सगळे जण तरतूद बघतात. तुम्ही प्रत्यक्ष खर्च बघा. समजा पुस्तक खरेदीला १०० ठेवले होते आणि खर्च झाले ४०, तर तुमची लढाई पैसे वाढवायची नाहीचे, ते ४० वर का अडकले याची आहे, खरेदीची फाईल कोणाच्या टेबलावर झोपली याची आहे. हे न बघता जास्त मागायला गेलात तर समोरचा एका वाक्यात गप्प करेल, "दिलेले तरी कुठे खर्च झाले?" आणि तो बरोबर असेल.

याच पानावर आणखी एक गोष्ट बघायची, बांधकामाचा पैसा आणि रोजच्या खर्चाचा पैसा. हे दोन वेगळे खिसे आहेत आणि पुढाऱ्यांना पहिला आवडतो, कारण त्यात फीत कापता येते, नवीन मासिकं आली म्हणून कोण फीत कापणार! हा घोळ आजचा नाही. ब्रिटनमध्ये १८५० साली सार्वजनिक लायब्ररीचा पहिला कायदा झाला त्यात शहरांना लायब्ररीसाठी एका पौंडामागे अर्धा पेनी कर लावायची मुभा दिली, इमारत आणि माणसं यांच्यासाठी, पण त्या पैशातून पुस्तकं घ्यायची परवानगीच नव्हती! १८५५ मध्ये तो कर एक पेनीपर्यंत वाढला आणि मग पुस्तकं घेता यायला लागली. याच्या उलट अमेरिकेतला पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी शहाणा, तो इमारतीला पैसे द्यायचा पण गावाने जागा द्यायची आणि दिलेल्या रकमेच्या १० टक्के दरवर्षी लायब्ररी चालवायला खर्च करायचे असं आधी कबूल करून घ्यायचा. तुम्हालाही कोणी नवी इमारत देतो म्हणालं तर लगेच टाळ्या वाजवू नका, दिव्यांचं बिल आणि ग्रंथपालाचा पगार कुठल्या ओळीतून येणार ते तिथेच विचारून घ्या.

कपात कशी होते तेही ओळखायला शिका, कारण "आम्ही लायब्ररी बंद करतोय" असं कोणी म्हणत नाही. पगार कापता येत नाहीत म्हणून आधी पुस्तक खरेदी जाते, कोणाच्या लक्षात येत नाही. मग रिटायर झालेल्याची जागा भरत नाहीत. मग माणूस नाही म्हणून संध्याकाळ बंद. संध्याकाळ बंद झाली की नोकरी करणारे यायचे थांबतात, वाचक कमी झाले असा आकडा तयार होतो, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा दाखवून आणखी कपात. हे चक्र तुम्ही मीटिंगमध्ये तारखांसह मांडू शकलात (अमुक महिन्यात वेळ कमी झाली, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून वाचक घटले) तर "लोक हल्ली वाचतच नाहीत" हे पेटंट वाक्य बऱ्यापैकी निकालात निघतं.

आकडे मात्र नुसते ऑफिसचे घेऊ नका. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये पुस्तक घरी नेलेलं दिसतं. जो माणूस चार तास बसून अभ्यास करतो, जी आजी फक्त पेपर वाचायला येते, जो मुलगा कॉम्प्युटरवर नोकरीचा फॉर्म भरतो, ते सगळे त्या रजिस्टरमध्ये शून्य असतात. आम्ही दुसऱ्या वर्षी काय केलं, एक आठवडा पाळीपाळीने दाराशी वही घेऊन बसलो आणि दर तासाला किती जण आत आहेत, किती खुर्च्या रिकाम्या आहेत आणि किती जण जागा नाही म्हणून परत गेले एवढंच लिहिलं. नावं नाही, चौकशी नाही, कोण काय वाचतो हे तर अजिबातच नाही, ते वाचकाचं खासगी आहे. त्या वहीतली एक ओळ, "संध्याकाळी ५ ते ६, खुर्च्या २४, बसलेले २४, परत गेलेले ९", ही आमच्या सगळ्या सह्यांपेक्षा जास्त कामाला आली. समितीतल्या एकाने ती वही हातात घेऊन पानं उलटून बघितली. सह्यांच्या गठ्ठ्याला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

मग मागणी ठरवा. एकच. "लायब्ररीला भरीव निधी द्या" ही मागणीच नाही, त्याला कोणीही "हो नक्की" म्हणेल आणि विसरून जाईल. "संध्याकाळचे दोन तास पुन्हा सुरू करा, त्यासाठी एक अर्धवेळ माणूस लागेल, वर्षाचा खर्च इतका, तो अमुक ओळीत टाका" ही मागणी. खर्च स्वतः अंदाजाने लिहू नका, त्याच ऑफिसच्या पगाराच्या आकड्यावरून काढा, म्हणजे वाद घालायला जागा राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात कपातीमुळे लायब्ऱ्यांची रविवारची सेवा बंद झाली, लोकांनी तोच रविवार आणि तीच रक्कम धरून ठेवली, आणि २०२४ च्या जूनमध्ये शहराला ५ कोटी ८३ लाख डॉलर परत द्यायचं जाहीर करावं लागलं. बंद दरवाजा सगळ्यांना दिसतो, टक्केवारी दिसत नाही.

पत्र एका पानाचं. असं काहीसं:

"आम्ही या वाचनालयाचे नियमित वाचक आहोत. मागच्या वर्षीपासून वाचनालय संध्याकाळी ६ वाजता बंद होतं. आम्ही एक आठवडा केलेली मोजणी सोबत जोडली आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात एका अर्धवेळ पदाची तरतूद करून वेळ ८ पर्यंत करावी ही विनंती. तरतूद होत नसेल तर कारण लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी नकार हवेत जातो, लेखी नकाराला पुढच्या वर्षी उत्तर देता येतं. आणि पोच घ्या, पोचेवर तारीख बघा, ईमेल केला तरी कागदही द्या.

बोलायला मिळालं तर वेळ दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त मिळेल असं धरू नका. तुमच्यातला जो सगळ्यात छान भाषण करतो त्याला पाठवू नका, तो वाचन संस्कृतीपासून सुरुवात करेल आणि मागणी यायच्या आधी बेल वाजेल (असा एक गृहस्थ आमच्याकडेही आहे, माणूस सोन्यासारखा, पण माइक देऊ नये). ज्याचं त्या लायब्ररीवाचून अडतं त्याला पाठवा. पहिल्या वाक्यात मी कोण, दुसऱ्यात माझं काय अडलं, तिसऱ्यात काय पाहिजे. दोघं-तिघं असाल तर एकच गोष्ट सगळ्यांनी सांगू नका, एकाने विद्यार्थ्याचं, एकीने लहान मुलांचं, एकाने आकड्यांचं असं वाटून घ्या. आणि ज्यांच्याकडे जाताय त्यांना शिव्या घालून सुरुवात करू नका, त्यातला एखादा तुमच्या बाजूचा असतो आणि त्याला आपल्याच लोकांपुढे तुमची बाजू मांडायची असते, त्याच्या हातात तो एक पानी कागद हवा.

गाजावाजा करायचा का? करा, पण त्यातून मुद्दा एका नजरेत कळला पाहिजे. इंग्लंडमधल्या स्टोनी स्ट्रॅटफर्डमध्ये २०११ च्या जानेवारीत लायब्ररी वाचवायला लोकांनी आपापल्या कार्डावर मिळतील तेवढी पुस्तकं घरी नेली आणि साधारण १६,००० पुस्तकांची सगळी शेल्फं रिकामी करून टाकली. नियम एकही मोडला नाही, आणि लायब्ररी गेली तर काय दिसेल ते सगळ्यांना दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ट्रॉय गावात लायब्ररीसाठीच्या कर-वाढीवर मतदान होतं, विरोधक फक्त कर-कर करत होते, तेव्हा मोहिमेवाल्यांनी "लायब्ररी बंद करा आणि पुस्तकं जाळायच्या पार्टीला या" अशा खोट्याच पाट्या लावल्या, गाव खवळलं, चर्चा करावरून पुस्तकांवर आली, मग खरं काय ते सांगितलं, आणि मतदान जिंकलं. हुशारी आहे, पण मी हे करणार नाही. त्यांचं जमलं, आपलं फसलं तर पुढच्या वेळी आपल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

कोर्ट हा शेवटचा रस्ता, आणि तिथेही "लायब्ररी चांगली असते" हा मुद्दा चालत नाही, निर्णय कसा घेतला हा चालतो. २०११ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या हायकोर्टाने ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेटच्या कपातीचे निर्णय बेकायदा ठरवले, कारण अपंग, वयस्कर अशा लोकांवर काय परिणाम होईल याचा समानतेच्या कायद्याप्रमाणे नीट विचारच केला नव्हता. म्हणून मीटिंगचं इतिवृत्त, टिपणी, ठराव जे मागता येईल ते माहितीच्या अधिकारात मागून ठेवा, भांडण असो वा नसो.

ग्रंथपालाबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्याला वाटतं त्याने पुढे यावं, पण तो नोकरीत आहे, त्याच्याच साहेबाविरुद्ध तो कसा बोलणार. त्याचं नाव पत्रात नको, ग्रुपवर त्याचा मेसेज फॉरवर्ड नको, फोटोत त्याला ओढायचं नाही. जी माहिती कोणालाही मागता येते ती तुम्ही स्वतःच्या नावाने मागा.

आणि तरतूद झाली की पेढे वाटून घरी बसू नका. सहा महिन्यांनी परत जायचं, खर्च किती झाला विचारायचं, पद भरलं का, जाहिरात निघाली का. आमच्याकडे तरतूद झाली तेव्हा चार महिने काहीच हललं नाही, का तर भरतीची फाईल एका सहीसाठी थांबली होती आणि कोणी विचारायला येत नव्हतं. आम्ही दर सोमवारी एक जण जायला लागलो. तिसऱ्या सोमवारी सही झाली. त्या सगळ्या कागदांची एक फाईल आता माझ्याकडे आहे, तिची दुसरी कॉपी आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीकडे देऊन ठेवलीय, कारण मागण्या मागवायची पुढची तारीख जवळ आलीय आणि या वेळी लहान मुलांच्या विभागाचं बोलायचंय, ते ती माझ्यापेक्षा बरं बोलेल.