रॅस पाळायचा तर आधी जाळी, मग वाळू, मग मासा

सकाळी टाकीमागच्या फरशीवर वाळून कडक झालेला मासा सापडला, तर तो बहुधा रॅस, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळला जाणारा रंगीत समुद्री मासा, असतो. दिवा एकदम विझला, दुसरा मासा मागे लागला किंवा कुणी काचेवर टकटक केलं, की हा मासा दचकून वर उसळतो. म्हणून आधी जाळी.

स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून टाकीच्या मापाची, पावडर कोटिंगची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम करून घ्या. तिच्यात डासांची जाळी मात्र घालू नका. ती उजेड अडवते आणि तिची भोकं मिठाने बुजतात. ६ मिमी भोकांची पारदर्शक नायलॉन जाळी रबरी दोरीने ताणून बसवा. कापलेल्या कडांना सिलिकॉन लावा, नाहीतर खाऱ्या शिंतोड्यांनी उघडं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. पाइप आणि वायरींसाठी कापलेल्या कोपऱ्यात १ सेंमी फट राहिली, तरी सडपातळ रॅस नेमका तिथूनच जातो. ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे टाकीतलं वरचं पाणी खाली फिल्टरकडे नेणारा कप्पा, तोही झाका. दिवे अर्ध्या तासात हळूहळू मंद होतील असं टायमिंग लावा.

काचेच्या झाकणानेही उडी थांबते, पण आत उष्णता कोंडते. पाणी २५-२६ अंशांवर हवं. पुणे-नाशिककडच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला की २-३ अंश उतरतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, चिलरच लागतो. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचं आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी भरा, कारण मीठ टाकीतच राहिलेलं असतं. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ ठेवा.

आता वाळू. यलो कोरिस, मेलानुरस आणि लेपर्ड रॅस रात्री वाळूत झोपतात. फेअरी आणि फ्लॅशर रॅस दगडांच्या फटीत, स्वतःभोवती चिकट स्रावाची पारदर्शक पिशवी विणून झोपतात. पहाटे फाटलेली पिशवी पाण्यात तरंगताना दिसली तर घाबरू नका. यलो कोरिसची झोपायची तऱ्हा बघण्यासारखी असते. दिवे उतरू लागले की तो एकाच जागेवर घिरट्या घालतो, तोंड खाली करतो, शेपटीचा एक झटका देतो, आणि मागे वाळूत फक्त एक खळगा उरतो.

त्याला ०.५ ते १.५ मिमी दाण्याची अ‍ॅरागोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू किमान ५ सेंमी खोल लागते. १२० × ४५ सेंमी तळाला ही साधारण ४० किलो होते. प्रवाळाचा जाडा चुरा घालू नका. त्याने तोंड आणि अंग खरचटतं, आणि त्या जखमांमधून संसर्ग होतो. तळ उघडा ठेवायचा असेल, तर २० × २० सेंमीच्या प्लास्टिकच्या डब्यात ८ सेंमी वाळू भरून तो दगडाआड ठेवा.

दुकानात मासा डोळ्यांसमोर खाताना बघितल्याशिवाय घेऊ नका. डोक्यामागे पाठ खपाटीला गेलेली किंवा ओठ पांढरे, सोललेले असतील तर तो सोडून द्या. घरी ४० ते ६० लिटरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा. परजीवींवरचं तांब्याचं औषध चालू असेल तर त्या टाकीत अ‍ॅरागोनाइट नको, ती तांबं शोषते आणि मात्रा घसरत राहते. डब्यात बारीक, गोल दाण्याची सिलिका वाळू द्या.

सोडताना क्रम पाळा. लेपर्ड सगळ्यात आधी, मग फ्लॅशर आणि फेअरी, त्यानंतर मेलानुरस. सिक्सलाइन रॅस जेमतेम बोटाएवढा असतो, पण एकदा टाकी आपली मानली की नव्याला जगू देत नाही. तो घ्यायचाच असेल तर सर्वांत शेवटी. नव्या माशाला पाच-सात दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात टाकीतच टांगून ठेवा. एकाच जातीचे दोन नर नकोत. रॅस मादी म्हणून सुरुवात करतात आणि मोठी मादी पुढे नर होऊ शकते, त्यामुळे मादी आधी सोडून नर नंतर आणणं सोयीचं.

दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्या: वितळवलेला मायसिस (गोठवून मिळणारे कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक पेलेट. लेपर्डला सुरुवातीला जिवंत कोपेपॉड (जुन्या टाकीत आपोआप वाढणारे इवलेसे कवचधारी जीव) लागतात, म्हणून सहा महिन्यांपेक्षा नव्या टाकीत तो आणूच नये. मेलानुरस चपटे कृमी खातो हे खरं, पण छोट्या कोळंब्या आणि नळीकृमीही सोडत नाही. क्लीनर रॅस घेऊ नका. तो अनेक माशांच्या अंगावरचे परजीवी आणि स्राव खाऊन जगतो. घरच्या टाकीत तेवढे मासे नसतात आणि तो उपाशी मरतो.

आणल्यावर रॅस दिसेनासा झाला तर आधी फरशी, ओव्हरफ्लो आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी) तपासा. तिथे नसेल तर वाळूत झोपणारा रॅस बहुधा वाळूतच असतो. लेपर्ड आठवडाभरही गाडून घेतो आणि बाहेर येतो तोही भलत्याच वेळी, कारण त्याचं घड्याळ अजून मूळच्या समुद्राच्या वेळेवर चालत असतं. उकरून शोधू नका, आणि तो रोज ठरल्या वेळी वर येऊ लागेपर्यंत त्या वाळूत सायफन (गाळ ओढायची नळी) घालू नका.