स्मिथ कॉलेजच्या अर्काइव्हमध्ये राहून काम करायचंय? मग आधी बॉक्स नंबर शोधा

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावात स्मिथ कॉलेज आहे, तिथलं सोफिया स्मिथ कलेक्शन हे अर्काइव्ह, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा संग्रह, 1942 पासून बायकांच्या इतिहासाची कागदपत्रं जपतंय, आणि बाहेरच्या अभ्यासकांना तिथे येऊन काम करता यावं म्हणून फेलोशिप देतं. आपल्या मुलींनी अर्ज करायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ चालवणाऱ्या मार्गारेट सँगर 1935 च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी त्यावर बोलल्या, त्यांचे कागद तिथे आहेत, अमेरिकेतल्या वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संघटनेचं दप्तर पण तिथेच.

अर्जात "भारतीय स्त्रियांवर संशोधन करायचंय" एवढंच लिहिलं तर काही उपयोग नाही. कुठल्या बॉक्समध्ये कुठले कागद आहेत याची कलेक्शनची यादी ऑनलाइन असते, तिला फाइंडिंग एड म्हणतात, ती दोन-तीन दिवस नीट बसून वाचा आणि कुठला बॉक्स, कुठला फोल्डर, त्यातून तुम्हाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय आणि ते घरबसल्या स्कॅनवरून का मिळणार नाही, हे सरळ लिहा.

शोधताना नावांची फार काळजी घ्या. जुन्या इंग्रजी कागदांत बाई स्वतःच्या नावाने सापडेलच असं नाही, बऱ्याचदा "मिसेस" आणि पुढे नवऱ्याचं नाव असतं. स्पेलिंगही वेगळं. डॉक्टर आनंदीबाई जोशींचंच बघा, अमेरिकेत पोकीप्सीला त्यांच्या स्मृतिशिळेवर जोशीच्या शेवटी आय नाही, दोन ई आहेत. नेहमीच्या स्पेलिंगने शोधत बसलात तर बाई समोर असून दिसणार नाही. पुण्याचं पूना, मुंबईचं बॉम्बे, हे पण टाकून बघा.

आणि अर्जाआधी तिथल्या अर्काइव्हिस्टना, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्यांना, छोटा मेल करा, लाजू नका, कागद त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसतात.

तिथे गेल्यावर पेन बॅगेत, हातात फक्त पेन्सिल, एका वेळी एकच फोल्डर, कागदांचा क्रम बदलायचा नाही. फोटो काढताना पहिला फोटो फोल्डरच्या लेबलचा. एका अर्काइव्हमध्ये मी हे केलं नाही आणि घरी आल्यावर दोनशे फोटो कुठल्या बॉक्समधले तेच कळेना, तळटीपच देता येईना, ते पान शेवटी गाळावं लागलं. खूप वाईट वाटलं.

काही फोल्डर खाजगीपणामुळे बंद असतात, काही बॉक्स आधी सांगून मागवावे लागतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी तुमची यादी पाठवून प्रत्येक बॉक्स उघडा आहे का ते विचारून घ्या.