सर्व्हर हळू झालाय हे गिऱ्हाइकाच्या आधी कसं कळेल?

मुंबईत सर्व्हरवर गर्दी कधी होणार हे बहुतेकदा आधीच ठाऊक असतं. शेअर बाजार ९.१५ ला उघडतो. मोदकांच्या ऑर्डरी गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी येतात. तरी अ‍ॅप अडकल्याचं आपल्याला फोनवरूनच कळतं, कारण आपण सीपीयूचा आकडा बघत बसतो आणि गिऱ्हाईक गोल फिरणारं चक्र. म्हणून सुरुवात त्याच्या बाजूने करायची.

१. वेळ नोंदवा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) उत्तराला किती वेळ लागला हे नसतंच. लॉगच्या फॉरमॅटमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम’ आणि ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’ ही दोन्ही व्हेरिएबल घाला. दोन्ही का? लोकलमध्ये बसलेल्याचं नेटवर्क गेलं तर पहिला आकडा फुगू शकतो, त्यात तुमच्या अ‍ॅपचा दोष नसतो. अ‍ॅपने किती वेळ घेतला ते दुसरा आकडा सांगतो.

२. सरासरीवर विसंबू नका. ९५ जणांना ०.२ सेकंदात उत्तर मिळालं आणि पाच जणांना ८ सेकंद थांबावं लागलं, तर सरासरी येते ०.५९ सेकंद. छान वाटतं! चोवीस तासांची सरासरी काढली तर दादरचा प्लॅटफॉर्मही मोकळाच दिसेल. ९९ वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातल्या ९९ जणांना जास्तीत जास्त किती थांबावं लागलं तो आकडा. तो इथे सरळ ८ सेकंद दाखवतो.

३. मग मशीन. लिनक्सवर ‘अपटाइम’ कमांड गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा लोड देते, म्हणजे सरासरी किती प्रोसेस चालू किंवा ताटकळलेल्या होत्या. ‘एनप्रॉक’ने सीपीयूचे कोअर किती ते बघून त्याच्याशी ताडून पाहा. चार कोअरवर लोड १२ आणि तरी सीपीयू रिकामा असेल, तर डिस्ककडे संशयाने बघा: लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कसाठी ताटकळलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. ‘टॉप’ कमांडमधला ‘डब्ल्यूए’चा (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा तेच सांगेल. मेमरीसाठी ‘फ्री’ कमांडमधला ‘अव्हेलेबल’ रकाना वाचा. ‘फ्री’ रकाना कमी दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. उरलेली मेमरी लिनक्स कॅशसाठी वापरतं आणि लागली की परत देतं.

४. रांग शोधा. खरी गोम बहुतेक वेळा इथे असते, आणि इथेच सगळ्यात कमी लोक बघतात. टॉमकॅट हा जावा अ‍ॅप चालवणारा सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त २०० थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालवतो. डेटाबेसची कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारीसीपी या जावा लायब्ररीचा पूल (तयार कनेक्शनचा साठा) मात्र मूळचा १० कनेक्शनचा. एखादी क्वेरी रेंगाळली की दहाही कनेक्शन अडकतात, मागे थ्रेड थांबत जातात, आणि सीपीयू निवांत दहा टक्क्यांवर! म्हणून तीन आकडे सतत समोर हवेत: कामात गुंतलेले थ्रेड, वापरात असलेली कनेक्शन आणि कनेक्शनसाठी थांबलेल्या थ्रेडची संख्या. अडकल्यावर लगेच रीस्टार्ट मारू नका, पुरावा जातो. आधी ‘जेस्टॅक’ने काही सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डम्प (कुठला थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर आहे याची यादी) घ्या. तिन्हींत तेच थ्रेड त्याच ओळीवर उभे दिसले, तर तपास तिथूनच सुरू करा.

५. आता हे आपोआप होऊ द्या. प्रोमिथिअस आकडे गोळा करतो, ग्राफाना ते दाखवतो. मशीनच्या आकड्यांसाठी नोड एक्सपोर्टर लावा. प्रोमिथिअस वेगळं काही सांगितलं नाही तर मिनिटातून एकदाच आकडे घेतो. बाजार उघडतानाच्या गर्दीला मिनिट फार मोठं, १५ सेकंद ठेवा. त्याचा ९०९० पोर्ट इंटरनेटवर उघडा सोडू नका, कारण मूळ सेटिंगमध्ये पासवर्ड नसतो.

अलर्ट मोजकेच लावा. सीपीयू ८० टक्क्यांवर गेला म्हणून कुणाला रात्री दोनला उठवण्यात अर्थ नाही. ९९ वा पर्सेंटाइल पाच मिनिटं सलग चढाच राहिला किंवा ५०० क्रमांकाच्या (सर्व्हरकडच्या चुकीच्या) एरर वाढल्या, तर जरूर उठवा.

आणि घड्याळ तपासा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) असतात, ग्राफाना मात्र तुमच्या ब्राउझरची वेळ दाखवतो. ग्राफवर ९.१५ ला दिसलेला सुळका लॉगमध्ये ३.४५ ला शोधावा लागेल.